वहिनीचं चौथं मिनिट

३ फेब्रुवारी

आत्या,

"तुझ्या हातात माया फार आहे, तो जरा निबर कर, नाहीतर एक दिवस नडेल," असं तू मला म्हणाली होतीस. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तुझ्या टाचेत काच गेली होती आणि ती काढायला तू मुद्दाम मला बसवलं होतंस. मी चिमटा हातात धरून नुसती फुंकर घालत राहिले. शेवटी तू वैतागून चिमटा हिसकावलास, एका झटक्यात काच काढलीस आणि ते वाक्य बोललीस. गेले आठ दिवस ते माझ्या डोक्यातून जात नाही.

फोन केला असता, पण तुझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, मग आपण दोघी पाच मिनिटं "हॅलो, हॅलो" करतो आणि ठेवून देतो. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय पत्रात तुला मधेच "मुद्द्यावर ये" म्हणता येत नाही.

मागच्या वेळी तू आमच्या नर्सिंग कॉलेजात आलीस, तेव्हा माझ्या विद्यार्थिनींसमोर विचारलंस, "काय गं, अजून बाहुल्यांशीच खेळता का?" मुली हसल्या, मीही हसले. पण मला ते लागलं होतं. ती बाहुली नाही, आत्या. एकदा नीट सांगते, म्हणजे पुन्हा चेष्टा करणार नाहीस. ते मॉडेल म्हणजे जाड रबराचं एक मोठं पोट आहे. ते मी एप्रनसारखं अंगावर चढवते, पट्टे कमरेला आवळते आणि पलंगावर बाळंतिणीसारखी टेकून बसते. आत बाळ, नाळ, बाळामागून पडणारी वार, सगळं असतं. माझे दोन्ही हात चादरीखाली. उजव्या हाताने बाळ पुढे ढकलायचं. डाव्या हाताशी एक फुगा, त्याने गर्भाशय घट्ट किंवा ढिलं करता येतं. आणि शेजारी एक छोटा नळ, तो उघडला की आतल्या पिशवीतलं लाल पाणी वाहायला लागतं. कण्हायचं मीच, "बाळ रडत का नाही?" हेही मीच विचारायचं. पोट चढवलं की मुली मला मॅडम म्हणत नाहीत, वहिनी म्हणतात. परवा एकीने घाबरून सांगितलं, "वहिनी, कळ आली की हात वर करा हं." जशी काही मी हजेरीच देणार होते.

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर काय करायचं, ते मुली यावर शिकतात. लगेच हाक मारून मदत बोलवायची, पोटावरून गर्भाशय चोळायचं, इंजेक्शन द्यायचं. या सरावात सगळ्यात पुढे असलेली एक मुलगी आहे. लहानखुरी, सतत कामात, म्हणून सगळ्या तिला मुंगी म्हणतात. तिचे हात चालताना पाहिले की मला तू आठवतेस.

तर विचारायचं होतं असं, की अशी मुलगी वॉर्डात खऱ्या बाईपाशी गोठून उभी राहू शकते का? गेल्या आठवड्यात तसं झालं. बाळंतिणीला रक्त जायला लागलं. मुंगीने हात बरोबर जागी ठेवला, चोळायला लागली, पण सिस्टरला हाक मारली ती चार मिनिटांनी. सिस्टर दारापलीकडेच होती. तुझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत असं कधी पाहिलंस का?

बाई वाचली. बाकी सगळं ठीक.

तुझी,
रडूबाई


११ फेब्रुवारी

रडूबाई,

पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि मुद्दा शेवटच्या सहा ओळींत. लहानपणी औषध प्यायचं असलं की आधी घरभर फिरून यायचीस, तसंच.

उत्तर सोपं आहे. त्या मुलीला घरी पाठवा. गोठली नव्हती ती. गोठलेल्या मुलीचे हात चालत नाहीत, हिचे चालत होते, हे तूच लिहिलंयस. म्हणजे घाबरलेली नव्हती. मग हाक का मारली नाही? शहाणपणा, दुसरं काय. मला जमतंय, सिस्टर कशाला हवी, ही मस्ती. पहिल्या नंबरच्या मुलींना हा रोग असतोच. रक्त वाहत असताना चार मिनिटं म्हणजे काय, ते तिला कोणीतरी बादलीत दाखवायला हवं होतं.

आणि थोडा दोष तुझ्या त्या रबराच्या पोटाचाही आहे. त्याला मरायची भीती नाही. चुकलं तर तू पट्टे सोडून उठतेस आणि सगळ्याजणी मिळून हसता. आम्ही शिकलो ते जिवंत बायकांवर. चूक झाली की ती बाई आमच्याकडे बघायची. ती नजर रबराला कुठून येणार?

आता मला सांग, "बाकी सगळं ठीक" म्हणजे काय? तुझ्या पत्रात हे वाक्य आलं की काहीच ठीक नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दर पत्रात होतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते लिही.

माझं म्हणशील तर गुडघ्यांचं आणि जिन्याचं भांडण चालू आहे. शेजारीण रोज येऊन सुनेची गाऱ्हाणी सांगते. मी यंत्र काढून ठेवते आणि मान हलवते. तिला वाटतं, माझ्यासारखी ऐकून घेणारी बाई जगात नाही.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

ठीक नाही. तिचं गर्भाशय काढावं लागलं. चोवीस वर्षांची आहे. पहिलंच मूल. मुलगी झाली, ती मात्र छान आहे.

मी भेटायला गेले, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "त्या छोट्या सिस्टरला रागावू नका. ती मला सारखा धीर देत होती. आत्ता थांबेल ताई, आत्ता थांबेल, म्हणत होती." मला तिथल्या तिथे चरका बसला. कारण धीर द्यायला म्हणून मुंगी असं बोलत नाही. तिला ते खरंच ठाऊक असल्यासारखं बोलली असणार.

आमच्या सराव-खोलीत कॅमेरा आहे, मुलींना आपापल्या चुका नंतर बघता याव्यात म्हणून. मी वर्षभराचं सगळं चित्रीकरण घरी आणलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसले, स्वयंपाकघरातला टायमर हातात घेऊन. एकेचाळीस सराव, आत्या. एकेचाळीसही वेळा नळ चौथ्या मिनिटाच्या आसपास बंद झालाय. मुलीने हाक मारलेली असो, नसो. चोळणं बरोबर असो, नसो. चौथं मिनिट आलं की वहिनीचं रक्त थांबतं.

मला हे माहीतच नव्हतं, असं म्हटलं तर तुझा विश्वास बसेल का? पिशवीत पाणी जेमतेम दीड लिटर मावतं, संपलं की पुन्हा भरायला वेळ जातो, खाली सांडलं की फरशी पुसणाऱ्या मावशी तोंड वाकडं करतात, म्हणून आपण नळ लवकर बंद करतो, असं मी स्वतःला सांगत होते. पडद्यावर वेगळंच दिसतं. चोळणाऱ्या मुलीचे ओठ थरथरायला लागले की चादरीखाली माझं कोपर हलतं. दर वेळी. मला त्यांच्या चेहऱ्यांची दया येत होती. "लगेच हाक मारा" हे तोंडाने मी शंभरदा सांगितलं असेल. हाताने शिकवलं ते उलटं, की जरा कळ काढा, आपोआप थांबतं.

मुंगीची सरावाची वही माझ्याकडे तपासायला आली होती, ती उघडून पाहिली. मोत्यासारखं अक्षर. त्यात एक ओळ आहे, "नीट चोळलं तर साधारण चौथ्या मिनिटाला थांबतं. तोवर घाबरून गोंधळ करायचा नाही." खाली माझी सही आहे. सहीशेजारी मी "उत्तम" लिहिलंय.

तिने शहाणपणा केला नाही, आत्या. मी शिकवलं तेच तिने केलं.

पाच मार्चला चौकशी समिती बसणार आहे. मुंगीने लेखी दिलंय, "चूक माझी आहे." एवढंच. तिला काढून टाकणार हे जवळजवळ ठरलंय. मी वही घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी वाचली, मिटली आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवली. म्हणाल्या, "हे तुम्ही समितीत बोललात तर सराव-खोलीच बंद होईल. दरवर्षी साठ मुली येतात. त्या कशावर शिकतील? एकीसाठी साठ जणींचं नुकसान करणार आहात?" वाईट बाई नाहीत त्या. ती खोली मिळवायला त्यांनी सहा वर्षं दारं ठोठावलीत. मी वही उचलून बाहेर आले.

खरं सांगायचं तर खोली बंद झाली तर मला बरंच वाटेल. पोट मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. तुझंच म्हणणं बरोबर होतं. मुलींना तुझ्यासारखं वॉर्डातच शिकू दे. झालं तुझ्या मनासारखं?

रडूबाई


२६ फेब्रुवारी

रडूबाई,

नाही झालं माझ्या मनासारखं.

कपाट उघड. आधी उठून ते कर, मग पुढे वाच.

मी बावीस वर्षांची होते. आम्हा शिकाऊ मुलींना बाळंतपण कोणाचं मिळायचं, ठाऊक आहे? जिच्यासोबत कोणी आलेलं नसे तिचं. मोठी सिस्टर सकाळी बाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांवरून नजर फिरवायची. मग आत येऊन, ज्या खाटेचं बाहेर कोणी नाही तिच्याकडे बोट करायची आणि म्हणायची, "ही शिकाऊंची." नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यात कोणाला गैरही वाटत नव्हतं. मलासुद्धा नाही.

माझी तिसरी बाळंतीण. एकटी आली होती, हातात पत्र्याची लहान पेटी. माझ्याहून मोठी असून मला ताई म्हणत होती. बाळ सुखरूप झालं. वार पडायला वेळ लागत होता. अशा वेळी थांबायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. पण मोठी सिस्टर फेरीला यायच्या आत सगळं आटोपलेलं दिसावं, अशी मला घाई. मी नाळ ओढली. किती ओढायची, हाताला काय लागलं की सोडून द्यायची, ते माझ्या हाताला माहीतच नव्हतं. कुठून असणार? त्याआधी दोनदाच धरली होती, तीही सिस्टरच्या हाताखाली. पुढे काय झालं ते तुला सांगायला नको, तू तेच शिकवतेस.

दुपारपर्यंत होती ती. वहीत "रक्तस्राव" एवढाच शब्द लिहिला गेला. जाब विचारायला कोणी आलं नाही, कारण तिचं कोणी नव्हतंच. म्हणून तर ती माझ्या वाट्याला आली होती. बाळाला आश्रमात दिलं. मी कधी चौकशी केली नाही, धीर झाला नाही. मोठी सिस्टर मला म्हणाली, "शिकताना होतं असं. जा, तोंड धुऊन ये." मी धुऊन आले. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. पुढे सात दिवस नाळेला हात लावायची वेळ आली की मी काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर जायचे. आठव्या दिवशी एक म्हातारी सुईण होती तिथे, तिच्या ते लक्षात आलं. तिने माझा हात धरून नाळेवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. महिनाभर ती तशी माझ्या मागे उभी राहायची.

मागच्या पत्रात मी लिहिलं, ती बाई आमच्याकडे बघायची. आमच्याकडे नाही. माझ्याकडे. एकच बाई.

तुझ्या रबराच्या पोटाची मी चेष्टा करते ती का, ते आता कळलं असेल. ते तिथे असतं तर मी त्याची नाळ शंभरदा तोडली असती आणि तू शंभरदा जोडून दिली असतीस. मला त्याचा राग येतो, कारण ते पन्नास वर्षं उशिरा आलं.

तेव्हा खोली बंद करायची भाषा माझ्यापाशी नको. नळ तू बंद केलास, पोटाने नाही. खोटं तू शिकवलंस, तर खरंही त्याच्यावरच शिकव. तुमच्या प्राचार्याबाईंना सांग, साठ मुली चौथ्या मिनिटाची वाट बघत वॉर्डात जाणार असतील तर ती खोली असून नुकसानच आहे. समितीत सगळं बोल. रडायचं असेल तर बोलून झाल्यावर रड. आणि मी त्या मुलीला मस्तीखोर म्हणाले, ते मागे घेते.

हे तुझ्या बाबांना माहीत नव्हतं. तुझ्या आतोबांनाही मी सांगितलं नाही, आणि ते गेले. वाचलंस की फाडून टाक. बारीक फाड.

आत्या


१७ मार्च

आत्या,

समितीत चौघं होते. मी वही पुढे ठेवली, चित्रीकरण लावलं. पहिल्यांदा कोणाला कळेना काय बघायचंय. मी म्हटलं, "मुलीकडे बघू नका, चादरीकडे बघा." सहाव्या सरावाला मेट्रनबाईंनी हात वर केला. "पुरे. कळलं." मी रडले नाही. जिन्यात रडले.

मुंगीला काढलेलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी तुझ्या जुन्या फोटोमागे खोचून ठेवलीय. खोली चालू राहिली. पण यापुढे माझ्या सरावाला दुसरी शिक्षिका हजर असते, आणि नळ कधी बंद करायचा हे मी ठरवायचं नाही. एका डब्यात चिठ्ठ्या आहेत. सुरुवातीला एक उचलायची. "दुसरं मिनिट", "सातवं मिनिट", "मदत आल्यावरच", "पिशवी संपेपर्यंत". परवा शेवटची निघाली. एक मुलगी रडत रडत चोळत होती, दुसरी दारात जाऊन जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि मी चादरीखाली दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते. फरशीवर तळं झालं. मावशी पोछा घेऊन आल्या, मुलींचे चेहरे बघितले आणि तोंड वाकडं न करता पुसायला लागल्या. प्राचार्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल मात्र खोलीच्या दारात थोडा वेळ उभ्या होत्या.

मुंगी परत आलेली नाही. कॉलेजातून दोनदा निरोप गेला, शेवटी मीच गेले. मोठ्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानात बसते, ब्लाउजांना हुक लावते. मला पाहून उठली, खुर्चीवरची कापडं उचलली. बहीण मशीनवरूनच म्हणाली, "घेऊन जा हो हिला. सकाळी हुक लावते, दुपारी वाकडे लागले म्हणून उसवते. माझी गिऱ्हाइकं उघडी फिरतील." मुंगी हसली नाही.

मी सांगितलं, चूक माझी होती, समितीनेही ते मान्य केलंय.

"कळलं मला, मॅडम. तुम्ही माझ्यासाठी एवढं बोललात. पण तिच्या पोटावर हात माझाच होता ना?"

"वॉर्डात लगेच जाऊ नकोस. आधी खोलीत ये, माझ्यावर सराव कर."

"तुमच्यावर करीन हो. त्यात काय. खऱ्या बाईच्या पोटावर हात कसा ठेवायचा, ते सांगा." मग तिने पहिल्यांदा वर बघितलं. "तुमच्या हातून झालंय का असं कधी? झालं असेल तर एवढंच सांगा, दुसऱ्या दिवशी कामावर कसं जायचं?"

माझ्या हातून नाही झालं, आत्या. खोटं बोलणं जिभेवर आलं होतं, पण तिला एकदा खोटं शिकवून झालंय. तिने थोडी वाट पाहिली, मग सुईत दोरा ओवला आणि मान खाली घातली.

परीक्षेचे अर्ज तीस तारखेपर्यंत घेतात. त्यानंतर तिचं नाव पटावरून निघेल आणि ती आयुष्यभर हुक लावेल, उसवेल. तिच्यासारखे हात मी वीस वर्षांत पाहिलेले नाहीत.

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. दोनदा फाडायला घेतलं, दोन्ही वेळा पुन्हा वाचत बसले. कोणाला दाखवलेलं नाही, हे तुझी शपथ घेऊन सांगते. पण मुंगीने जे विचारलं त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, ते त्या पत्रात आहे. ते सात दिवस, आणि आठवा. मी माझ्या शब्दांत तिला सांगू शकते, नाव न घेता. मी तसं मनात करूनही पाहिलं. दुसऱ्याचं दुखणं उसनं आणून सांगितल्यासारखं झालं. एकही वाक्य खरं वाटेना. तुझ्या अक्षरात "दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले" हे जसं उमटलंय, तसं माझ्या तोंडी येतच नाही.

आतोबांना जे तू शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस, ते एका अनोळखी मुलीच्या हातात द्यायचं, हे मागणं किती मोठं आहे ते मला कळतं. तू नाही म्हणशील. तो तुझा हक्क आहे, आणि मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. पत्र लिहायचेही कष्ट घेऊ नकोस, कार्डावर "नाही" एवढंच लिही. ते मिळेल त्याच दिवशी मी तुझं पत्र फाडीन, अगदी बारीक. पण तीस तारखेच्या आत तुला विचारल्याशिवाय मला राहवणार नाही. आत्या, ते पत्र मी मुंगीला वाचायला देऊ?

रडूबाई